जन्मक्रमाने

टाचणी गंजली होती, आणि तिचा तांबूस डाग फॉर्मच्या पहिल्या पानावर अगदी ‘कुलवृत्तांत’ या अक्षरांना खेटून उमटला होता – रत्नागिरीहून शारजापर्यंत येईस्तोवर कुठेतरी ओल लागली असणार, नाहीतर या घरात ओल कुठली, बारा महिने एसी, टॉवेलसुद्धा तासाभरात खडखडीत... विद्युल्लताबाईंनी नखाने डाग खरवडून पाहिला. निघाला नाही. नाही तर नाही. त्यांनी पान उलटलं.

शुक्रवार होता. चंद्रहास रोल्लाच्या बाजारात भाजी आणायला गेले होते, म्हणजे तिथे चार माणसं भेटणार, दोन चहा होणार, आणि कढीपत्ता विसरून ते अकराला परत येणार. शर्वाणी अजून झोपलेली. बाराला चंद्रहासच्या ऑफिसातले विजयकुमार फॉर्म न्यायला खाली येणार होते. आज संध्याकाळच्या विमानाने ते मुंबईला निघाले होते आणि तिथून कुरिअर करणार होते. कारण भिकाजीकाकांनी बजावून लिहिलं होतं, की या महिनाअखेरीला छपाई सुरू, मग काना-मात्रा हलणार नाही, आणि पुढची आवृत्ती निघेल ती पंचवीस वर्षांनी. पंचवीस वर्षांनी... तोवर कोण कुठे.

भिकाजीकाका म्हणजे चंद्रहासचे चुलतकाका, घराण्याच्या इतिहासाचे संपादक. मागच्या आवृत्तीत बायका नव्हत्याच. नवऱ्याच्या नावापुढे ‘पत्नी’ म्हणून एक नाव, की संपलं. या खेपेला मात्र कर्तबगार स्त्रियांचं वेगळं प्रकरण निघालं होतं, आणि काकांचं पत्र म्हणत होतं : ‘समुद्र ओलांडून परमुलखात संसार मांडणारी आपल्या कुळातली पहिली सून तू. तीनशे शब्दांत सविस्तर लिही.’ तीनशे शब्दांत, आणि वर सविस्तर.

ते सोपंच होतं. मंडळाच्या हळदीकुंकवाला दर वर्षी कुणीतरी नवी मुलगी आग्रह करायची, काकू, तुमचे खोर फक्कानचे दिवस सांगा ना, आणि विद्युल्लताबाई सांगायच्या – चौऱ्याहत्तर साली आगबोटीने दुबई, तिथून जीपमधून डोंगर ओलांडून पलीकडचा किनारा, चंद्रहास रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर, गावात मराठी बोलायला एक नवरा सोडला तर कुणी नाही, गोडं पाणी पिंपातून यायचं, बुटात विंचू निघाला, आणि नारळ मिळेना म्हणून खजुराचे मोदक केले ते हातालाच चिकटून बसले. मोदकांपाशी बायका हसायच्या. दर वर्षी तिथेच. सांगून सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती की ती आपली आहे असंही आता वाटेनासं झालं होतं... आणि धाडस कसलं डोंबलाचं. सासूबाईंच्या हाताखाली जन्म काढण्यापेक्षा वाळवंट परवडलं, एवढाच हिशेब केला होता मी. हे कोण छापणार.

तर तीनशे शब्द काल रात्रीच्या जेवणाआधीच लिहून झाले होते. अडलं होतं ते शेवटच्या पानावर. तिथे लिहिलं होतं – अपत्ये, जन्मक्रमाने. खाली एक, दोन, तीन, चार असे आकडे, प्रत्येकापुढे रेघ. आणि हाताने काय करावं, तर दोनपुढे सिद्धार्थ लिहिला, तीनपुढे शर्वाणी. एकपुढची रेघ तशीच. लिहून झाल्यावर विद्युल्लताबाईंनी पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं, आणि सकाळपासून हे असं चाललं होतं – चहा, फॉर्म, पोळ्यांची कणीक, पुन्हा फॉर्म. पाय भरून आले होते. काही न करताच माणूस इतकं दमतं कसं.

पंच्याहत्तरचा फेब्रुवारी. डोंगरात पाऊस झालेला, रस्ता जागोजागी वाहून गेलेला. शेजारची बानू – बलुची, साठीची, तोडकंमोडकं हिंदी – तिच्याच हातांनी मुलगी जन्मली. नऊ दिवस होती. चौथ्या दिवसापासून पिवळी पडत गेली, दूध ओढेना. बानू उन्हात धरून बसायची, चंद्रहास रोज रस्ता कुठवर खुला झाला ते बघून यायचे, आणि नवव्या दिवशी रस्ता खुला झाला. तोवर खलास. बानूनेच तो शब्द उच्चारला होता, हळू, आणि मग विद्युल्लताबाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्यांचे केस विंचरत बसली होती. का विंचरत होती कुणास ठाऊक. पण तेवढंच बरं वाटलं होतं.

लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून चंद्रहास आणि ड्रायव्हर याकूब तिला घेऊन गेले. कुठे, ते विद्युल्लताबाईंनी विचारलं नाही. चंद्रहासनी सांगितलं नाही. नाव बाराव्या दिवशी ठेवायचं, त्यामुळे नाव नव्हतंच. नऊ दिवस तिला नुसतं ‘बाळी’ म्हणत होते. नाव नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून पुढे कुणाला सांगायचं कारण नाही; दोन वर्षांनी सिद्धार्थ झाला तेव्हा गावाकडे पेढे वाटले गेले ते पहिलं मूल म्हणूनच. मनात मात्र विद्युल्लताबाईंनी ठरवून ठेवलं होतं – सगुणा. त्यांच्या आईचं नाव. सासरी कुणी ऐकलं नसतं, पण इथे सासर होतं कुठे...

आणि बारावा दिवस. तो दिवस त्या विसरू शकत नव्हत्या. पहाटे उठून चंद्रहासनी बूट चढवले आणि म्हणाले, साइटवर जाऊन येतो. त्या दिवशी. बाकी सगळं त्यांनी केव्हाच माफ केलं होतं, रस्त्याला, पावसाला, स्वतःच्या आटलेल्या दुधालासुद्धा. या बुटांना नाही. सत्तावीस वर्षं तो राग त्यांनी जिवापाड सांभाळला होता. कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तो संपला असता, आणि मग तिच्यापैकी हाताशी काय उरलं असतं?

“मम्मी, यू मिस्ड नंबर वन.” शर्वाणी कधी उठून मागे उभी राहिली होती, हातात दुधाचा मग. “दादा इज फर्स्ट, नो?”

“राहू दे.”

“बट इट लुक्स राँग. व्हाइटनर कुठाय?”

“राहू दे म्हटलं ना गं.”

शर्वाणीने खांदे उडवले आणि दुधाचा मग घेऊन ती खोलीत गेली. दार लागलं. आत गाणी सुरू झाली.

चंद्रहास आले ते कढीपत्ता विसरूनच. पिशव्या ओट्यावर ठेवून त्यांनी चष्मा बदलला आणि उभ्याउभ्याच फॉर्म वाचायला घेतला. ऑफिसात टेंडर तपासतात तसं एकेका ओळीवर बोट. शेवटच्या पानावर बोट थांबलं. विद्युल्लताबाई भाजी निवडत राहिल्या. म्हणतील, हे काय, खोडून टाक. म्हणू देत. आज म्हणालेच तर...

“लता,” ते म्हणाले, “इथे नाव राहिलंय.”

“नाव कुठे होतं तिला.” आवाज आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं. “बाराव्या दिवशी तुम्ही साइटवर गेला होतात.”

चंद्रहास खुर्चीवर बसले. मेथीची जुडी उगाचच जवळ ओढली, देठ खुडायला लागले, पानं देठांत आणि देठ पानांत.

“साइट बंदच होती त्या दिवशी,” ते म्हणाले. “तिला ठेवलं होतं तिकडे गेलो होतो. याकूबला म्हटलं, गाडी लांब उभी कर. नाव कानात आत्याने सांगायचं, पण ताई तर गुहागरला... म्हटलं, आपणच सांगावं. खाली वाकून. जमिनीशी.” आणखी एक देठ खुडून म्हणाले, “तुला सांगणार होतो. पण तू तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मग राहूनच गेलं.”

इंटरकॉम वाजला. विजयकुमार खाली आले होते, पार्किंग नव्हतं. “पाच मिनिट, भाई,” चंद्रहास फोनमध्ये म्हणाले, आणि परत येऊन बसले, आणि पेन विद्युल्लताबाईंच्या बाजूला सरकवलं.

त्यांनी ते उचललं. राग शोधून पाहिला. रोजच्या जागी नव्हता. बूट होते, पहाट होती, पण त्या बुटांनी एक माणूस एकटा चालत जाऊन वाकलेला दिसत होता, आणि त्याच्यावर रागवायचं कसं ते काही केल्या सुचेना. म्हणजे तिला नाव होतं. सत्तावीस वर्षं होतं, रीतसर, कानात सांगितलेलं – आणि ते सगुणा नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. कुठलं, एवढंच विचारायचं होतं. विचारलं की ते सांगणार, आणि सांगितलं की सगुणा गेली. या खेपेला कायमची, कुणालाही न कळता. नाही विचारलं तर ते दुसरं नाव इतकी वर्षं ज्यांनी एकट्याने वागवलं, ते समोर मेथीची पानं आणि देठ एकत्र करत बसलेले...

तेही विचारत नव्हते, तू काय ठरवलं होतंस. कदाचित त्यांनाही भीती वाटत असेल.

खाली विजयकुमारनी हॉर्न दिला. विद्युल्लताबाईंनी पेन एकच्या रेघेवर टेकवलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की या घरात आज पहिल्यांदाच त्या मुलीचे दोघे आईबाप समोरासमोर बसले आहेत, आणि दोघांनाही तिला कोणत्या नावाने हाक मारायची ते ठाऊक नाही.