घासलेल्या पिना

“ही शेवटची वाजवली कधी?” बंदुकीच्या कारागिराने नळ्या उजेडाकडे धरत विचारलं.

“वाजवायची वेळच येऊ दिली नाही कोणी,” सुभेदार छाती पुढे काढून म्हणाले. “तीस वर्षं बँकेच्या दारात उभा आहे. हिच्यापुढे यायची कोणाची टाप होती!”

सुभेदार हे नाव बँकेतल्या लोकांनी ठेवलेलं. फौजेचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. साधे पहारेकरी, पण ती मिशी, ती ताठ मान आणि वडिलांकडून आलेली दुनळी बंदूक यांनी त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. आता ते निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या दिवशी आपण त्यांच्या बंदुकीचा इतिहास सांगू, अशी टूम मॅनेजरबाईंनी काढली. बाईंना जुन्या वस्तूंचं भारी वेड. आपल्या गाडीत घालून त्याच त्यांना या दुकानात घेऊन आल्या होत्या.

“एका लॉर्डसाठी खास घडवलेली आहे,” सुभेदारांनी येता येता तिसऱ्यांदा सांगितलं होतं. हे त्यांना वडिलांनी सांगितलेलं, वडिलांना कोणी सांगितलं ते देव जाणे.

कारागिराने नळ्या उतरवल्या, खालच्या बाजूचा मळ चिंधीने पुसला. तिथे बारीक ठसे उमटले, एक क्रमांक दिसला. बाईंनी हरखून फोटो काढले. “विलायती, यात शंका नाही,” कारागीर म्हणाला. “घराणं लहान, पण हात सोन्याचे. हे घोड्यांवरचं कोरीवकाम बघा.” मग घोडे जिथे आपटतात तिथल्या दोन पिना त्याने काढल्या, तळहातावर घेतल्या आणि दोनदा उलटसुलट करून पाहिल्या.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“या घासल्यात. टोकं आखूड केलीत, म्हणजे काडतुसापर्यंत पोचतच नाहीत.” त्याने सुभेदारांकडे पाहिलं. “काका, ही बंदूक वाजत नाही. घासल्यालाही बरीच वर्षं झाली असणार.”

“छे! काहीतरीच काय!”

“चाप ओढला तर नुसता टक् आवाज येईल. काम मात्र नामी केलंय हो. लेथवरचं दिसतंय.”

सुभेदारांचे कान तापले. बाई काही हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि फोनमधले फोटो उगाचच पुन्हा बघत बसल्या. परतीच्या वाटेवर बँकेचं दार आलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “सुभेदार, मी हे कोणाला सांगणार नाही. पण आता उरलेले दिवस दारात नको. आत खुर्ची टाकते. दाराची व्यवस्था मी बघते.”

तीस वर्षांत बसले नव्हते ते. आता बसायचं होतं.

लेथचं काम म्हटल्यावर शोधायला लांब जायची गरजच नव्हती. अख्ख्या नात्यागोत्यात लेथ चालवणारा एकच माणूस होता, बायकोचा धाकटा भाऊ. घरी येताच सुभेदारांनी बंदूक टेबलावर आपटली.

“तुझ्या भावाला हात कोणी लावू दिला हिला?”

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. कोण, कधी, कशाला, असं काहीच तिने विचारलं नाही.

“मीच,” ती म्हणाली. “बसा.”

“बसायला लावू नकोस मला! आज सगळेच बसवायला निघालेत!”

“तुम्हाला घरी बसवलं होतं, ते वर्ष आठवतंय? किल्ल्या हरवल्या तेव्हाचं?”

न आठवायला काय झालं! तिजोरीच्या किल्ल्या गहाळ झाल्या आणि आळ पहारेकऱ्यावर आला होता. शेवटी त्या जुन्या मॅनेजरच्याच कोटाच्या अस्तरात सापडल्या. पण तोवर चार महिने सुभेदार घरात कोंडून घेऊन बसले होते. गल्लीतून जायची लाज, दुकानात जायची लाज. दिवसभर बंदूक पुसत राहायचे.

“एके दुपारी तुम्ही मागच्या खोलीत होता,” बायको म्हणाली. “दार नुसतं लोटलेलं होतं. बंदूक मांडीवर होती आणि तुम्ही रडत होता. मी हाक मारली, अहो, नळ गळतोय, जरा बघता का.”

सुभेदारांना तो नळ आठवला. पाना घेऊन ते गेले होते, आणि नळ ठणठणीत होता. ‘डोळे फुटले का तुझे?’ म्हणून तिच्यावर खेकसलेही होते. त्या दुपारी आपल्या मनात काय होतं ते आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं ते आजवर धरून चालले होते.

ते मटकन खाली बसले.

“दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकशीला गेलात तेव्हा भावाला बोलावलं. बंदूक लपवली असती तर मी पाहिलंय हे तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला माझ्याकडे मान वर करून बघता आलं नसतं.”

“मग कामावर परत गेलो तेव्हा तरी सांगायचंस!”

“रोज सांगायचं ठरवत होते. आणि रोज तुम्ही मिशी पिळून ताठ मानेनं निघायचात. कसं सांगू? कोणी बँकेवर चालून आलं तर काय, म्हणून तुम्ही घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला.”

सुभेदारांनी टेबलावरची बंदूक बाजूला सरकवली. दाराबाहेर आपण दिमाखात उभे, आणि घरात ही रोज धास्तावलेली! आणि मेव्हणा? प्रत्येक लग्नकार्यात चारचौघांत ते त्याची फिरकी घ्यायचे, ‘लेथवर खिळे घासण्यापलीकडे तुला काय येतं रे?’ सगळे हसायचे. मेव्हणाही हसायचा. एका शब्दात तो त्यांचं तोंड बंद करू शकला असता. कधी केलं नाही. सुभेदारांना आपली इतकी लाज वाटली की दिवा लावायला बायको उठली तर ते म्हणाले, “राहू दे जरा.”

पुढचे दिवस ते बँकेत आत खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकं विचारायची, “काय सुभेदार, आज गादीवर?” ते म्हणायचे, कंबर धरलीय.

निरोपाच्या दिवशी बँकेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बायको पुढे बसली. मेव्हणा नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. बाईंनी बंदुकीवरचे ठसे आणि क्रमांक विलायतेला कळवले होते, तिथून आलेलं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं. ती बंदूक कुठल्या लॉर्डची नव्हतीच. एका लहानशा गावातल्या डॉक्टरने ती करवून घेतली होती, आणि थोड्याच वर्षांत परत विकली होती. हॉलमध्ये खसखस पिकली. कॅशियर ओरडला, “लॉर्ड गेला वाटतं, सुभेदार! पण बँक राखली ती हिनंच!” टाळ्या पडल्या. पिनांचं बाईंनी अवाक्षर काढलं नाही.

सुभेदार बोलायला उभे राहिले. टाळ्या अजून चालूच होत्या, आणि प्रत्येक टाळी त्यांना गालावर बसल्यासारखी लागत होती.

“हिनं काही राखलं नाही,” ते म्हणाले. “बंदूक घडवणाऱ्याचं नाव बाईंनी सांगितलं. पण तिच्यावर शेवटचं काम केलं ते माझ्या मेव्हण्यानं. फार बारीक काम. मी आज इथे उभा आहे तो त्या कामामुळे. हे मला मागच्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.”

कोणाला काही उमगलं नाही. बायकोने खाली बघितलं. मेव्हणा उठून दाराकडे निघाला होता, पण सुभेदार रांगांमधून चालत गेले आणि त्यांनी त्याचा हात धरला. हातावर काळं तेल होतं, कातडीत मुरलेलं.

“दाजी, रागावला नाहीत ना?” मेव्हण्याने पुटपुटत विचारलं.

सुभेदारांना त्याची माफी मागायची होती. आठवडाभर शब्द जुळवले होते, त्यातला एकही आता सापडेना.

“खिळे घासण्यापलीकडे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, “तुला काय येतं रे?”

मेव्हणा नेहमीसारखा हसला. सुभेदारांनी त्याला पुढच्या रांगेत नेऊन आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले.