विल्किन्स आणि राव यांचं पुस्तक

मल्लप्पा, एस. टी. : धुळीचं वजन. म्हैसूर, १९३१. ८८ पाने.

हॅलट, हेन्री : चिमणीतून जाणाऱ्या आवाजाबद्दल. लंडन, १९२७. पुठ्ठा फाटका.

विल्किन्स, जी. आणि राव, टी. के. : उष्ण हवेत रिव्हेट सैल का पडतात. मद्रास, १९४९. २१२ पाने, आकृत्या.

लेखक नाही : वंगण. गाव नाही. साल नाही.

हुक्केरी, ठकुबाई : डोक्यावरून ओझी नेण्याच्या पद्धती. चिकोडी, १९५३. दुसरी आवृत्ती.

यातलं एकही पुस्तक कधी कुणी लिहिलं नाही, छापलं नाही, विकलं नाही. फक्त त्यांची कार्डं होती.

लेखक

कार्डं उमाकांत हुक्केरीनं केली. तो बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ग्रंथपाल होता. कँटीनच्या वर दोन खोल्या, तांत्रिक पुस्तकांची कपाटं, आणि दाराशी कार्डांचे खण. प्रत्येक पुस्तकामागे एक कार्ड. तो मूळचा चिकोडीचा. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, कामावर इंग्रजी.

१९६५ साली हिशेब खात्यात भोकं पाडलेली कार्डं निवडणारं यंत्र आलं. त्या खात्यातला पाटणकर, पुण्याचा, तिशीचा, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा, एका दुपारी वर आला.

"हुक्केरी, आमचं यंत्र तुमची सगळी सूची लावून देईल. लेखकाप्रमाणे, विषयाप्रमाणे, म्हणाल तशी. तुम्ही नुसतं बसून सुपारी कातरा."

"मी सुपारी खात नाही, साहेब."

"मग झोपा! पण आधी चाचणी. मला तीनशे कार्डं द्या."

"खणातली कार्डं मी देणार नाही. एक हरवलं तरी मोजणीत माझ्या गळ्याशी येतं."

"खरी नकोतच मला. खरी सगळी शहाण्यासारखी असतात. मला वेडीवाकडी हवीत. दोन लेखकवाली, लेखकच नसलेली, साल नसलेली, लांबलचक नावांची. खोटी करा. पण खरी वाटतील अशी हं. 'अबक, अबक' टाइप केलंत तर भोकं पाडणाऱ्या मुली जांभया देत चुका करतील, आणि चूक मुलींची की यंत्राची ते मला कळायचं नाही."

"वर 'नमुना' लिहू का?"

"कुठे लिहिणार? त्याला यंत्रात जागा नाही."

पंधरवडाभर उमाकांत रोज तासभर जास्त थांबला. कोरी कार्डं कारखान्याचीच, टाइपरायटर तोच, ज्याचं एक अक्षर जरा वर उडतं. दाखल क्रमांकही दिले, कारण यंत्राला आधी क्रमांक लागतो. नावं त्यानं लग्नपत्रिकांतून घेतली, दुकानांच्या पाट्यांवरून घेतली. एकदा काहीच सुचेना तेव्हा आईचं टाकलं. तिला अक्षरओळख नव्हती. रिव्हेटवर माणूस किती लिहील, असा त्यानं बराच विचार केला आणि २१२ टाइप केलं. इतकं मन लावून त्यानं खरी कार्डं कधी केली नव्हती.

स्थळ

कार्डं पाटणकरकडे गेली आणि बुटांच्या खोक्यातून परत आली. खोकं उमाकांतच्या टेबलावर होतं तेव्हाच चिकोडीहून तार आली. आई गेली होती. तो गावी गेला, दिवसवार करून डोकं भादरलेला परत आला आणि कामाला बसला. टेबल स्वच्छ होतं. खोकं त्याला आठवलं नाही.

टेबल कल्लाप्पानं आवरलं होतं. कल्लाप्पा ग्रंथालयाचा शिपाई. कार्डावरची पहिली अक्षरं बघून ते बरोबर खणात लावण्याएवढं इंग्रजी त्याला येई. त्यानं सगळी कार्डं खऱ्या कार्डांमध्ये आपापल्या जागी लावून टाकली.

विषय

पुढच्या वर्षी पुस्तकांची मोजणी आली. हिशेब तपासनीस शेषगिरी, बारीक आवाजाचे, चहासुद्धा घरून आणणारे. त्यांनी एकेक कार्ड काढून एकेक पुस्तक मागायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मल्लप्पांचं धुळीवरचं पुस्तक मागितलं.

उमाकांत हसला. मग त्यानं खण ओढला, मग दुसरा, आणि त्याचं हसू गेलं.

"अण्णा, मीच लावली की," कल्लाप्पा म्हणाला. "तुम्ही गावी होता. म्हटलं, आल्यावर तुमच्या जिवाला तेवढंच काम स्वल्प कमी."

उमाकांतनं शेषगिरींना सगळं सांगितलं. चाचणी, यंत्र, खोकं. शेषगिरींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कार्ड आहे. कपाटात पुस्तक नाही. नोंदवहीत नोंद नाही. म्हणजे पुस्तक आलं, नोंद टाळली, आणि पुस्तक बाहेर गेलं. गेल्या साली ती विलायती कंपनी गाशा गुंडाळून गेली, तिनं पेट्या भरून पुस्तकं भेट दिली ना आपल्याला? भेटीच्या पुस्तकांना बिल नसतं. सोयीचं आहे."

"सर, ही पुस्तकं जगातच नाहीत."

"नसलेल्या पुस्तकाचं कार्ड कोण करेल?"

याला उमाकांतकडे उत्तर होतं, पण ते त्यानं एकदा दिलेलं होतं.

"ही ठकुबाई हुक्केरी तुमची कोण?"

"आई."

"लेखिका आहेत?"

"वारली. तिला सहीसुद्धा येत नव्हती."

"आणि दुसरी आवृत्ती निघाली?" शेषगिरींनी चष्मा काढून पुसला. "आईच्या नावापाशी तरी थांबायचं होतं हो."

उमाकांत निलंबित झाला. चौकशी समिती बसायची होती. चोरी ठरली तर नोकरी जाणार, पोलिसात प्रकरण जाणार, आणि पुस्तकं विकून खाल्लेल्या ग्रंथपालाला दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नव्हतं. एकाच माणसाचा शब्द त्याला वाचवू शकत होता. तो बसवनगुडीला पाटणकरच्या घरी गेला.

"अहो, एवढंच ना?" पाटणकर म्हणाला. "मी येतो की. मीच करायला सांगितली, हे सांगतो. पाच मिनिटांत विषय संपतो. तोंड काय असं केलंय? घ्या, पोहे घ्या."

उमाकांतनं पोहे खाल्ले. राजाजीनगरला आपल्या घरी परतून त्यानं बायकोला, पद्मावतीला, सांगितलं की संपलं सगळं. ती देवापाशी साखर ठेवून आली.

शेरा

पाटणकर आला. समितीपुढे त्यानं सगळं नीट सांगितलं, खोटी कार्डं का लागतात तेही. अध्यक्ष मान हलवत होते. एका सभासदाला मौज वाटली. वंगणाच्या पुस्तकाला गावच नाही, असं म्हणून तो हसलाही.

"एक शंका आहे," शेषगिरी म्हणाले, आणि त्यांनी टेबलावर एक छापील अहवाल ठेवला.

संशोधन विभागाच्या डॉ. तेलंगांचा, रिव्हेटच्या सांध्यांवरचा. तो दिल्लीला गेलेला होता, तिथे वाखाणला गेला होता. शेवटी संदर्भांची लांब यादी. तिच्यात सातवं नाव : विल्किन्स आणि राव.

उमाकांतला आठवलं. तेलंग एकदा खणांपाशी उभे राहून रिव्हेटची कार्डं उतरवून घेत होते. पुस्तकं त्यांनी मागितली नव्हती. सगळेच अधिकारी तसं करत. यादी लांब असली की दिल्लीला बरं वाटे.

"जे पुस्तक नाही," शेषगिरींनी विचारलं, "ते डॉक्टरसाहेबांनी वाचलं कसं?"

तेलंगांना बोलावणं गेलं. ते आले, बसले नाहीत.

"हे पुस्तक आपण वाचलंय का, डॉक्टर?"

तेलंगांनी कार्ड पाहिलं. अहवाल पाहिला. खोलीतल्या माणसांकडे पाहिलं.

"अर्थात. थोडं जुनं आहे. पण चांगलं पुस्तक."

उमाकांत उठून उभा राहिला. "सर, त्याचा पुठ्ठा कोणत्या रंगाचा होता?"

"निळा."

"आणि आत काय आहे?"

"हुक्केरी, माझी तोंडी परीक्षा घेताय काय? रिव्हेट आहेत हो आत. रिव्हेट!"

समिती हसली. अध्यक्षही हसले. हसणं थांबल्यावर त्यांनी पाटणकरकडे पाहिलं.

"म्हणजे असं आहे सर," पाटणकर म्हणाला, "मी प्रत्येक कार्ड काही डोळ्यांखालून घातलं नव्हतं. करा म्हटलं होतं खोटी. त्यात काही खऱ्या पुस्तकांची असतील, तर मला सांगता यायचं नाही."

बाहेर व्हरांड्यात त्यानं उमाकांतचा दंड धरला. "डॉक्टरांना तोंडावर खोटं कसं पाडायचं, तुम्हीच सांगा. माझी बढती त्यांच्या सहीनं व्हायचीय."

"मग चोर मी?"

"चोर कोण म्हणतंय? निष्काळजी म्हणा. निष्काळजीपणा काय, सगळ्यांकडूनच होतो."

पाने

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याला एकट्याला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. पोलिसात द्यायचं नाही, म्हणाले. पुस्तकं माझ्या ताब्यात होती आणि माझ्या हलगर्जीनं गहाळ झाली, असं लिहून द्या. नोकरी जाईल, तेवढंच. नाहीतर प्रकरण कोर्टात, आणि कोर्टात डॉक्टर तेलंग पुन्हा निळाच म्हणणार. उद्यापर्यंत विचार करा.

घरी पद्मावतीनं ऐकून घेतलं. बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली.

"एक विचारू? रागवू नका."

"विचार."

"होती का हो पुस्तकं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, मी काय कुणाला सांगायला जाते आहे? गेल्या साली पेट्या आल्या होत्या, तुम्हीच म्हणाला होता. आणि एवढा मोठा डॉक्टर माणूस कशाला खोटं बोलेल?" मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "पैसे आईंच्या आजारपणाला लागले असतील, तर मी त्यात वावगं काही मानत नाही."

"सरी," तो म्हणाला. रस्त्यावर दुकानदाराला कन्नडमध्ये 'बरं' म्हणतात तसं. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सकाळी तो कारखान्यात गेला. अध्यक्षांच्या टेबलावर मजकूर तयार होता, खाली तीनशे पुस्तकांची यादी जोडलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी सही लागणार होती. त्यानं यादी वाचायला घेतली. धूळ, चिमण्या, वंगण. एकही चूक नव्हती, सालंसुद्धा बरोबर उतरवली होती. ठकुबाईंच्या ओळीपाशी तो थांबला.

"हे एक काढता येईल का, सर?"

"एक काढलं तर बाकीच्यांबद्दल प्रश्न येईल, हुक्केरी."

त्यानं सही केली. पान उलटून पुढची केली. अध्यक्ष मध्ये खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, म्हणजे त्याला मोकळं वाटावं. शेवटच्या पानावर त्याला आपल्या हातानं एक वाक्य लिहायचं होतं, आणि ते त्यानं जरा मोठ्या अक्षरात लिहिलं : वरील सर्व पुस्तके मी स्वतः पाहिलेली आहेत.

आदल्या वर्षी पाटणकरची चाचणी ठरली होती त्या रविवारी कारखान्यात वीज नव्हती. यंत्र सुरूच झालं नाही, कार्डं न वापरताच खोक्यातून परत आली होती.