दोन बोटांचा क्लच

श्रावण लागला की पनवेलच्या मच्छीबाजारात माशांपेक्षा माश्याच जास्त, असं शांती म्हणायची. एरवी रविवारी तिला मान वर करायला फुरसत नसे. गिऱ्हाईक पाटीभोवती दाटीवाटीने उभं असे आणि तिचा कोयता सुरमईवरून पापलेटवर, पापलेटवरून हलव्यावर फिरत असे. श्रावणात मात्र दुपार व्हायच्या आत बाजार ओस पडायचा. अशाच एका रविवारी तिने पाटी जावेकडे सोपवली, लिंबाची फोड चोळून हात धुतले, स्कूटर काढली आणि कुणालाही न सांगता पळस्पे फाट्याला गेली.

फाट्यावर हायवेच्या कडेला एक चहाची शेड आहे. दर रविवारी सकाळी तिथे मोटरसायकलवाल्यांचा घोळका जमतो. शांतीचा नवरा दयाराम एकेकाळी या घोळक्याचा म्होरक्या होता. आठवडाभर भावाच्या होडीवर मासेमारी करायची आणि रविवारी निळी यामाहा काढून कर्नाळ्याच्या वळणांवर जायचं, हा त्याचा नेम. यामाहा म्हणजे त्याचा देव. ही कंपनी मुळात बाजाच्या पेट्या बनवायची, म्हणून तिचं इंजिन सुरात वाजतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. शांतीला तेव्हा त्यात काडीचा रस नव्हता. गाडी निळी आहे आणि रविवारी नवरा घरी नसतो, एवढंच तिला ठाऊक होतं.

मग होडीवर जाळं ओढताना विंचच्या फिरत्या चाकावरच्या दोरात दयारामचा डावा हात सापडला आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. इस्पितळातूनच त्याने गाडी विकायला सांगितली. होडीही सोडली. बर्फाच्या कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली आणि दोघं करंजाड्याला राहायला आली. हाताच्या डॉक्टरांनी पुढे तपासून सांगितलं, आरटीओची रीतसर परवानगी घ्या, गाडी चालवायला हरकत नाही. दयारामने ते ऐकून घेतलं आणि विषय तिथेच संपवला. रस्त्यावरून एखादी बाइक गरजत गेली की तो तोंड दुसरीकडे फिरवायचा. तो चिडत नसे, रडत नसे. फक्त त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. शांतीला जाच झाला तो या गप्प बसण्याचा.

एका संध्याकाळी टीव्हीवर कुठल्याशा परदेशातली मोटरसायकलींची शर्यत लागली होती. दयाराम पुढ्यात बसला होता. भाजी चिरता चिरता शांतीचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. गाड्या वळणावर यायच्या तेव्हा त्याची उरलेली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, हवेतच काहीतरी आवळायची आणि सोडायची. त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. शांतीने विळी बाजूला ठेवली आणि बराच वेळ ती त्या बोटांकडे बघत राहिली.

म्हणून ती पळस्प्याला आली होती.

"वहिनी, तुम्ही?" खारघरचा प्रितम चहाचा ग्लास ठेवून उठला. बँकेत नोकरी करणारा हा दयारामचा जुना दोस्त. "दया कुठाय?"

"ते नाय आले. मीच आलेय," शांती म्हणाली. "मला तुमच्या गाड्यांचा डाव्या मुठीवरचा क्लच दाबून बघायचाय."

दोघं-तिघं हसले. शांतीने डावा हात पुढे केला, पहिली दोन बोटं तळव्याशी दुमडली आणि उरलेली दोन सरळ ठेवली. "असा," ती म्हणाली. "या दोन बोटांनी कुठल्या कंपनीचा दाबता येतो, ते बघायचंय."

हसणं थांबलं. प्रितमने आपली नारिंगी केटीएम पुढे आणली.

त्या सकाळी शांतीला कळलं की ही माणसं कंपनीवर बोलतात ती कुलदैवतावर बोलावं तशी. प्रितमची केटीएम ऑस्ट्रियाची, पण चाकणला बनणारी. ती वळणात अशी घुसते की धारेच्या कोयत्याने तुकडा पडावा, असं तो म्हणाला. शांतीला कोयत्याची भाषा कळत होती. तिने क्लच दाबला. लिव्हर ताठ होती, पण नेमकी. कुठे धरते आणि कुठे सोडते ते बोटांना लगेच समजत होतं. पुढे काशिराम आला. तो टीव्हीएस अपाचेवाला. आपल्याच देशात, होसूरला घडलेली गाडी, चाळीस वर्षं शर्यतीत उतरून शिकलेली कंपनी, हे सांगताना त्याची छाती भरून आली होती. जगनची सुझुकी होती. ही कंपनी पूर्वी कापडाचे माग बनवायची, तेव्हा धागा न तुटता वर्षानुवर्षं चालायची सवय तिच्या रक्तातच आहे, असा त्याचा दावा. शांती प्रत्येक गाडीजवळ जायची, दोन बोटांनी लिव्हर ओढायची आणि डोळे मिटून क्षणभर थांबायची. काटा टोचल्यावर कुठे टोचला ते बघावं तसं ती बोटांतलं दुखणं तपासत होती.

सगळ्यांत मागे एक हिरवी गाडी उभी होती. तिची मालकीण माधुरी, खारघरच्या कॉलेजात शिकवणारी, कमी बोलणारी बाई. ती काही गुणगान न करता नुसती बाजूला सरकली. शांतीने लिव्हर ओढली आणि दचकून तिच्याकडे बघितलं.

"वायर तुटलीय काय?"

"नाही," माधुरी हसली. "निन्जाचा क्लच असाच असतो. लोण्यासारखा."

शांतीने पुन्हा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. करंगळीला काही जाणवलंच नाही. "कंपनी कुठली ही?"

"कावासाकी. जपानची. मुळात जहाजं बांधणारे लोक. अजूनही बांधतात."

"जहाजं?" शांतीने गाडीकडे नव्याने बघितलं. टाकीवरून तिने हात फिरवला, नव्या होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकावरून फिरवतात तसा. त्या क्षणी तिचं मन कुठल्या गाडीकडे झुकलं, हे सांगायला नको.

तरी तिने घाई केली नाही. श्रावणभर बाजार मंदा होता. रिकामी दुपार मिळाली की ती पनवेल-खारघरच्या शोरूम पालथ्या घालायची. यामाहाच्या शोरूममध्ये दिपिका नावाची सेल्सगर्ल होती. पहिल्यांदा तिला वाटलं, बाई चुकून आत आली. पण शांतीने दुमडलेली बोटं दाखवल्यावर ती मन लावून समजावू लागली. होंडाने तर क्लच दाबायलाच लागू नये अशी एक मोठी गाडी काढली आहे, हे तिनेच सांगितलं. ती बघायला दोघी खास दुसऱ्या शोरूममध्ये गेल्या. शांतीने त्या गाडीला मनोमन हात जोडले. असं काही माणसाच्या डोक्यातून निघू शकतं याचंच तिला कौतुक वाटलं. गाडी मात्र ऐपतीबाहेरची होती.

"आणखी एक गोष्ट असते, क्विकशिफ्टर," दिपिका म्हणाली. "गाडी पळत असताना क्लच न दाबता वरचा गिअर टाकता येतो. काही केटीएममध्ये आहे, नव्या यामाहामध्येही आहे. आणि नव्या यामाहाचा क्लचसुद्धा पूर्वीपेक्षा खूप हलका झालाय, मावशी. बघा तरी."

शांतीने बघितला. हलका होता. पण तिच्या बोटांनी आधीच कौल दिला होता.

आता प्रश्न दयारामचा. एकदा जेवताना तिने नुसतं विचारून पाहिलं, तर तो म्हणाला, "नाय जमायचं, शांती. उगाच कशाला हसं करून घ्यायचं." आणि ताटावरून उठला. सांगून हा माणूस ऐकणार नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं. तिने माधुरीला फोन केला.

विमानतळाच्या बाजूला सिडकोचे नवे रस्ते आहेत. प्लॉट आखलेत, दिव्यांचे खांब उभे आहेत, पण वस्ती अजून नाही. तिथे सकाळच्या वेळी माधुरी शांतीला निन्जा शिकवू लागली. आजवर शांतीने फक्त स्कूटर चालवली होती. गिअर म्हणजे काय इथपासून सुरुवात. तिचा हट्ट असा की शिकायचं ते दोनच बोटांनी. माधुरी म्हणाली, आधी चार बोटांनी तर शिका. शांती म्हणाली, "चार बोटांनी शिकून माझा काय उपयोग?" इंजिन बंद पडायचं, गाडी आचके द्यायची, एकदा तर दोघी मिळून गाडीसकट गवतात गेल्या. पण मासे कापणारे हात होते ते. ताकद होती आणि चिकाटीही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली आणि श्रावणाच्या शेवटच्या रविवारी प्रितम दयारामकडे आला. माझी गाडी विचित्र आवाज करतेय, जरा ऐकून सांग, एवढंच म्हणून त्याला त्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. तिथे तीन गाड्या ओळीत उभ्या होत्या. प्रितमची केटीएम, दिपिकाने चालवून बघायला आणलेली नवी निळी यामाहा आणि माधुरीची हिरवी निन्जा. निन्जावर हेल्मेट घालून कुणीतरी बसलं होतं.

सगळ्यांचा बेत दयारामच्या ध्यानात आला. तो प्रितमला म्हणाला, "मला घरी सोड."

तेवढ्यात निन्जावरच्या माणसाने डावा हात वर केला. दोन बोटं दुमडलेली, दोन सरळ. हातातल्या हिरव्या बांगड्या बघून दयाराम जागच्या जागी थिजला. शांतीने दोन बोटांनी क्लच ओढला, पहिला गिअर टाकला आणि गाडी सोडली. गाडी आचका देऊन बंद पडली. तिने पुन्हा चालू केली. या वेळी गाडी हळूच पुढे सरकली, सरळ गेली, दुसऱ्या गिअरमध्ये गेली, खांबांच्या रांगेच्या टोकाशी जाऊन थांबली. वळवणं तिला अजून नीट येत नव्हतं. ती उतरली, माधुरीच्या मदतीने गाडी फिरवली आणि पुन्हा चालवत परत आली.

दयाराम तसाच उभा होता.  मग तो म्हणाला, "कवा शिकलीस?"

"श्रावणात दुसरं काम काय होतं?" शांती हेल्मेट काढत म्हणाली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "माझी बोटं तर कवा दोरात नाय सापडली. तरी दोनच वापरली. आता तुमी बघा."

तो निन्जाजवळ गेला. आधी नुसता लिव्हरला हात लावला. दोन बोटं तिच्यावर टेकवली, ओढली. त्याचा चेहरा बघून प्रितम दुसरीकडे बघायला लागला. मग दयारामने पाय टाकला आणि गाडी अशी सुटली की जणू मधला काळ कुणी कापूनच काढला होता. दूर जाऊन वळला, गाडी कलली, उभी राहिली. शांतीने नवऱ्याला असं चालवताना कधी बघितलंच नव्हतं. ती रविवारी बाजारात असायची. आपला माणूस एवढा देखणा चालवतो, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्याने तिन्ही गाड्या चालवल्या. केटीएमवरून उतरला तेव्हा हसत होता, म्हणाला, "ही पोरगी अंगात येते." निन्जाला त्याने मान दिला; दोन सिलेंडरचं असं मऊ इंजिन मी हाताळलं नव्हतं, म्हणाला. यामाहावर तो सगळ्यांत जास्त वेळ होता. परत आला, इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"हीच," तो म्हणाला.

शांतीच्या कपाळावर आठी पडली. "का? निन्जाचा क्लच हलका हाय. मी समद्यांचे दाबून बघितलेत."

"क्लच निन्जाचाच एक नंबर. खोटं नाय बोलणार," दयाराम म्हणाला. "पण गाडी उभी असली की तिला पेलायला लागतं, ढकलायला लागतं, उतारावर मागे ओढायला लागतं. तिथे माझा डावा हात कमी पडतो. ही वजनाला हलकी हाय. आणि पळताना वरचा गिअर क्लचशिवाय पडतो, बोटं दमत नाय."

वजनाचा विचार शांतीने केलाच नव्हता. तिच्या बोटांनी फक्त क्लच मोजला होता. कारण पटलं, तरी ती हटली नाही.

"आणि जहाजं?"

"कसली जहाजं?"

"कावासाकी जहाजं बांधते. आपण दर्यावरची माणसं. पेटीवाल्यांचं आपल्याशी काय नातं?"

दयाराम हसायला लागला. आधी हळू, मग खदखदून, टाकीवर डोकं टेकवून. प्रितम, माधुरी, दिपिका सगळेच हसले. शांती मात्र गंभीर होती. तिला खरंच वाटत होतं ते.

आरटीओची परवानगी आली आणि निळी गाडी करंजाड्याच्या सोसायटीत आली. शांतीने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पण वर दयारामला ऐकवलं की पूजा केली म्हणजे पक्ष बदलला असं समजू नका. घरात दोन पक्ष झाले ते झालेच. कुणी पाहुणा आला की दयाराम यामाहाचे सूर ऐकवायचा आणि शांती आतून चहा आणता आणता निन्जाच्या क्लचचा विषय काढायची. त्याचं बोलणं परत आलं होतं. कधीकधी तर जरा जास्तच.

भाद्रपदात बाजार पुन्हा भरला आणि शांतीचे रविवार पाटीवर जाऊ लागले. तरी मधल्या वारी सवड मिळाली की ती माधुरीकडे जाते. आता तिला वळवायला येतं. गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्सही काढलंय. गेल्या आठवड्यात तिघं कर्नाळ्यापर्यंत गेली, दयाराम निळीवर पुढे, ती माधुरीमागे निन्जावर. घाटाच्या सुरुवातीला दयारामने हात हलवून पुढे जायला जागा दिली. माधुरीने गिअर टाकला, हिरवी गाडी झाडांच्या सावलीत झेपावली. मागून येणाऱ्या यामाहाचा आवाज शांतीला ऐकू येत होता. सुरात होता तो, हे तिने माधुरीला सांगितलं. नवऱ्याला सांगायचं नाही, असंही बजावलं.