मेलोरची ऐट

गाव ज्याला पोक सू, म्हणजे धाकटा काका, म्हणतं त्या लाझिमचं आणि माझ्या नवऱ्याचं, देरामनचं, बोलणं कधीचंच बंद होतं. कारण सांगायचीही लाज वाटते. एका स्पर्धेत लाझिमची कोंबडी पहिली आली आणि आमची दुसरी, बस्स. देरामनच्या मते परीक्षक फितूर होता. मी म्हटलं, कोंबडीसाठी कोण फितूर होतं हो? तर दोन दिवस माझ्याशीही अबोला.

सेरामा कोंबडी म्हणजे ओंजळीत मावेल एवढा जीव, पण ऐट सुलतानाची. छाती पुढे, मान मागे, शेपूट उभी. टेबलावर जी जास्त ताठ, तिला जास्त गुण. आमची मेलोर पांढरीशुभ्र. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे जे काही लाड करायचे ते तिचेच. देरामन सकाळी आधी तिच्याशी बोलतो, मग माझ्याशी. तिला काही झालं तर हा माणूस अन्नाला शिवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

यंदाचा पूर ओसरल्यानंतर मेलोर अशी काही उभी राहायला लागली की बघतच राहावं. मान इतकी मागे की डोकं शेपटीला टेकेल, आणि शेपूट एका लयीत हलतेय. देरामन हरखून गेला. "आता कळलं हिला आपण किती देखण्या आहोत ते," म्हणाला. मीही तशीच वेडी, शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं.

शुक्रवारी कॉफीच्या दुकानामागच्या शेडमध्ये स्पर्धा होती. मेलोर टेबलावर उभी राहिली आणि माणसं गोळा झाली. परीक्षक अजून लांबच्या टेबलापाशी होता. तेवढ्यात लाझिम स्वतःची काळी कोंबडी काखेत घेऊन आला आणि मेलोरकडे बघत उभा राहिला. सगळे तिची छाती बघत होते, हा शेपूट बघत होता.

"देरामन, उतरव हिला खाली."

"का? तुझी हरेल म्हणून?" देरामन म्हणाला, आणि लोक हसले.

लाझिम माझ्याकडे वळला. "मेक जारा, तू तरी ऐक. ही ऐट नाही. हिला हवा पुरत नाहीये. प्रत्येक श्वासाला शेपूट हलतेय बघ. मान मागे टाकते ती घसा मोकळा व्हावा म्हणून. पाठीला कान लाव."

मी कान लावला. झाकणाखाली भात रटरटावा तसा बारीक आवाज येत होता. मी तिला उचलली.

"ठेव तिला," देरामन म्हणाला. "पहिली येतेय ती."

"पहिली येऊन मरेल, चालेल तुम्हाला?"

देरामन टेबलापासून बाजूला झाला.

आता लाझिमचं बघा. त्याचा नंबर पुकारायची वेळ झाली होती. मेलोर बाद झाल्यावर करंडक त्याचाच होता, लहान पोरानंही सांगितलं असतं. पण या बाबानं काळी कोंबडी दुकानदाराच्या हातात दिली आणि बाकावर बसून मेलोरला मांडीवर घेतलं. नाकपुडी हलकेच दाबून बघितली, चिकट काही नाही. चोच उघडून उजेडात घशात डोकावला, जंत नाहीत. तोंडाचा वास घेतला, आंबूस नाही. गळ्याची पिशवी मऊ, पोटात अंडं अडकलेलं नाही. तिकडे त्याच्या नंबराचा पुकारा दोनदा झाला, यानं मानही वर केली नाही.

"झोपते कुठे ही?"

"आमच्या खोलीत," देरामन पुटपुटला.

"चला घरी."

आमच्या खोलीत मेलोरचा पिंजरा, त्यावर माझ्या हातचं कशिद्याचं जाड कापड, आणि पिंजऱ्याखाली डासांच्या दोन कॉइल. पुरानंतर डास फार झाले होते. डासांमुळे कोंबड्यांना देवी येतात, तोंडभर फोड उठतात, म्हणून देरामन रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं त्या पेटवायचा.

"रोज पेटवतोस तशाच पेटव," लाझिम म्हणाला. मेलोरला त्यानं बाहेर माझ्याकडे दिलं, रिकाम्या पिंजऱ्याला डोकं टेकवलं आणि कापड स्वतःवर ओढून घेतलं. साठीचा माणूस, जमिनीवर उकिडवा, डोक्यावर माझी कशिद्याची फुलं! मला हसू येत होतं आणि रडूही. बऱ्याच वेळानं खोकत, डोळे चोळत बाहेर आला.

"मलाच थांबवेना आत," म्हणाला. "तिची छाती केवढीशी, देरामन."

देरामननं वाकून दोन्ही कॉइल विझवल्या. "मी रोज... माझ्या हातानं..."

"मायेनंच केलंस. आता मच्छरदाणी लाव."

कॉइल त्याच दिवशी फेकल्या. आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी जनावरांचा सरकारी दवाखाना उघडला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि धुराचंच निदान पक्कं केलं. दर सकाळी लाझिम यायचा, तिच्या पाठीला कान लावायचा आणि चहा न घेताच जायचा. अशी माणसं मी फार नाही पाहिली.

पुढच्या स्पर्धेला मेलोर टेबलावर उभी राहिली ती साध्या गावठी कोंबडीसारखी. मान सरळ, शेपूट स्थिर. इकडेतिकडे बघितलं आणि चक्क खाली बसली.

"देरामन, काय झालं हिला?" परीक्षक म्हणाला. "गुण द्यायचे तरी कशाला?"

"नका देऊ," देरामन म्हणाला. "श्वास नीट घेतेय ती."

घरी जाताना मोटरसायकलवर मेलोर त्याच्या शर्टाच्या आत होती. वाटेत जो भेटेल त्याला गाडी थांबवून तो सांगत होता, "शेवटची आली आमची." लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. मी मागे बसून डोळे पुसत होते.