एकही शिट्टी झाली नाही

मित्रांनो, फडताळावर हा जो काळवंडलेला, कडेला फाटलेला, बिनझाकणाचा प्रेशर कुकर दिसतोय ना, तोच मी. जुना आहे, पण मवाळ नाही हं. राग कायम माझ्या नाकावर असायचा. आता वाफ धरायला झाकणच उरलं नाही, म्हणून जरा शांतपणे बोलतो. तरी मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्मच मारानं झाला. कारखान्यात एका अवाढव्य यंत्राखाली धातूची गोल चकती ठेवली आणि वरून असा दणका बसला की चकतीचं भांडं झालं. मग मला कापलं, घासलं, भोकं पाडली. शेवटी एका कामगारानं माझ्यात हवा कोंबून मला पाण्यात बुडवलं आणि कुठून बुडबुडा येतो का ते पाहिलं. शेजारच्याला म्हणाला, "हा कितीही तापू दे, फुटायचा नाही. आधी ही गुंडी जाईल." ती गुंडी म्हणजे माझ्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीच्या नळीत काही अडकलं आणि वाफेला वाट मिळाली नाही, तर तो स्वतः उडतो आणि माणसाला वाचवतो. नखाएवढा असतो तो. त्याला विसरू नका, पुढे त्याच्यावाचूनच घात झाला.

मला विकत घेतलं एका आईनं. ती माझी खरी मालकीण. माझा तापट स्वभाव तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखला. रिंग सैल झाली की बदलायची, नळीत फुंकर मारून बघायची, अर्ध्याच्या वर कधी भरायची नाही. मी फुसफुसायला लागलो की म्हणायची, "हो हो, कळलं, आलेच!" त्या घरात माझा फार मान होता. माझ्या शिट्टीवर लेक शाळेला निघायची आणि बाबांचा चहा व्हायचा.

ती लेक मोठी झाली आणि परदेशातल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. घरात पेढ्यांपेक्षा आकडेमोडच जास्त वाटली गेली. लेक नवा कुकर घेऊ म्हणाली, तर आई म्हणाली, "नवा कशाला? याचे गुण-अवगुण मला पाठ आहेत." मग तिनं लेकीला माझ्यासमोर बसवून सगळं शिकवलं. "आणि एक लक्षात ठेव. शिट्ट्या होतायत तोवर भिऊ नकोस. शिट्टी झाली नाही तर भी. गॅस बंद करायचा आणि लांब व्हायचं." बॅगेत ठेवताना माझ्या झाकणावर हात ठेवून हळूच म्हणाली, "पोरीला जप रे बाबा." मित्रांनो, मी भांडं असलो तरी मला ते कळलं होतं.

विमानतळावर बॅग काट्यावर चढवली तर ती जड भरली. काउंटरवरची बाई म्हणाली, "काहीतरी काढा, नाहीतर जादा पैसे भरा." पोरीनं तिथंच फरशीवर बसकण मारली आणि सगळ्या रांगेसमोर बॅग उघडली. पुस्तकं काढवेनात, स्वेटर काढवेना. शेवटी आईनं दिलेला एक पत्र्याचा डबा तिनं बाबांच्या हातात दिला. त्यात माझ्या जादा रिंगा होत्या, जादा सेफ्टी व्हॉल्व्ह होता, पक्कड होती.

"अगं, आईनं मुद्दाम दिलाय तो," बाबा म्हणाले.

"तिकडे सगळं मिळतं, बाबा."

बाबा तो डबा छातीशी धरून काचेपलीकडे उभे राहिले. आम्ही दिसेनासे होईपर्यंत.

तिकडे सगळं मिळत होतं, पण कोणत्या भावानं! चढावरच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला तिनं दोघांबरोबर भाड्यानं घेतला. एक लांबू. तो इंजिनिअरिंगला होता आणि कॉलेज सुटलं की गोदामात खोकी उतरवायचा. दुसरा बारक्या. तो काय शिकत होता देव जाणे, पण कुडकुडायचा मात्र बारा महिने. पोरीनं पहिल्याच दिवशी फ्रिजवर खर्चाचा तक्ता लावला: भाडं, वीज आणि गॅस, बस, जेवण, फोन, किरकोळ. त्या दिवसापासून दोघं तिला मास्तरीण म्हणायला लागले.

मास्तरणीला एक खोड होती. दुकानात कोबी हातात घ्यायची, किमतीला मनातल्या मनात घरच्या पैशात गुणायची आणि कोबी परत ठेवायची. लांबू वैतागायचा. "अगं, गुणत बसलीस तर उपाशी मरशील!" पण सुटेना. गॅस वाचवायला ती आठवड्याचे चणे एकाच दिवशी शिजवायची. मला गळ्यापर्यंत भरायची. माझा जीव घुसमटायचा. मी थुंकायचो, फुसफुसायचो, ओट्यावर पाणी उडवायचो. ऐकतंय कोण!

दर रविवारी आईचा फोन यायचा. "पुरतात ना गं पैसे?"

"उलट उरतात, आई!" असं म्हणून ही हसायची. फोन ठेवला की हसू पुसून टाकायची.

थंडी पडली आणि विजेचं बिल आलं. मास्तरणीनं आकडा वाचला. नेहमीच्या तिप्पट. बारक्या खोली बंद करून दिवसभर हीटर लावून बसत होता.

लांबू नुकताच गोदामातून आला होता. हातांना भेगा, डोळे लाल. "तुझ्या बापाची वीज आहे का रे?"

"बाप काढायचं काम नाही!" बारक्या उठला.

लांबूनं थोबाडीत दिली. बारक्यानं डोक्यानं त्याच्या पोटात धडक मारली. खुर्ची मोडली, ताटं फुटली, मास्तरीण मध्ये पडली तर तिला कोपर बसलं आणि ती फ्रिजवर आदळली. कालपर्यंत एका ताटात जेवणारी ही पोरं! लांबूच्या हाताला सिंकमधला मी लागलो. मला झाकणासकट उचललं आणि फेकलं. माझा दांडा बारक्याच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार लागली. मी पुढे भिंतीवर आपटलो, कड दबली, झाकण फरशीवर घरंगळत गेलं आणि माझा तो नखाएवढा सेफ्टी व्हॉल्व्ह तुटून कुठेतरी गडप झाला. ज्या घरानं मला पोसलं त्या घरच्या लेकीसमोर मी माणसाचं रक्त काढलं. खूप लाज वाटली मला.

बारक्या भुवईला टाके घालून आला, सामान भरलं आणि आपला वाटा न देताच निघून गेला. तिघांचं भाडं दोघांवर आलं. मास्तरणीनं तक्ता काढला आणि जेवणाचा आकडा खोडून निम्मा केला.

आता माझं काय? तिकडच्या दुकानात माझ्या जातीचा व्हॉल्व्ह मिळेना. नवा कुकर घ्यायला पैसे नाहीत. घरून तो डबा मागवावा, तर कुरिअरचा खर्च ऐकून पोरगी हबकलीच. "ही तर चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! पुढच्या महिन्यात बघू." आईला तर कळूच दिलं नाही. कळलं असतं तर मारामारीही सांगावी लागली असती.

लांबूला पश्चात्ताप झाला होता. मला तोडलं त्यानंच, तेव्हा दुरुस्तही त्यानंच करायचं ठरवलं. व्हॉल्व्हच्या भोकात त्यानं एक स्क्रू पिळला आणि वरून धातूला चिकटणारं लुकण थापलं. "झालं! इंजिनिअर आहोत आपण. बघ, वाफेचा थेंब गळणार नाही."

"नक्की ना?"

"एकदम पक्कं."

पक्कंच होतं, मित्रांनो. तेच तर वाईट होतं! अरे, ती जागा पक्की करायची नसते! मी जिवाच्या आकांतानं सांगायला बघत होतो, पण मला बोलता कुठं येतं? येते ती एकच शिट्टी.

आणि मग तो रविवार आला. दुपारची वेळ. हीटर बंद होता, पैसे वाचवायला. म्हणून पोरगी शेगडीला खुर्ची लावून, माझ्या उबेला अभ्यास करत बसली होती. मी चण्यांनी गळ्यापर्यंत भरलेला. पाणी उकळलं, चणे नाचायला लागले आणि एक साल उडून शिट्टीच्या नळीत बसलं. नळी बंद. खालून जाळ सुरूच. वाफ व्हॉल्व्हकडे धावली, तिथं स्क्रू. कुठूनच वाट नाही. माझ्या अंगाच्या शिरा ताणल्या गेल्या. दबलेली कड करकरायला लागली. आणि ती हातभर अंतरावर, पानावर मान घालून. मी सगळ्या देवांना हाका मारल्या. ऊठ गं पोरी! आईनं काय सांगितलं होतं? ऊठ!

जिन्यावर पावलं वाजली. लांबू गोदामातून आला आणि माझी करकर ऐकून दारातच थांबला.

"किती झाल्या?"

"काय?"

"शिट्ट्या!"

"एकही नाही. आज जरा जास्त भरलाय ना, वेळ लागतोय."

लांबूचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावला, खुर्चीसकट तिला मागे खेचलं, खाली पाडलं आणि तिच्या अंगावर पडला. त्याच क्षणी मी फुटलो.

झाकण छताची फळी फोडून वर गेलं आणि तिथून खाली येऊन त्याच्या हातावर कोसळलं. उकळतं पाणी आणि चणे त्याच्या पाठीवर, मानेवर. खिडकीची काच गेली. शेगडी वाकली. चणे गोळ्यांसारखे भिंतीत घुसले. लांबूची ती किंकाळी माझ्या पत्र्यात अजून घुमते. त्याच्या सदऱ्याबरोबर पाठीचं कातडं निघत होतं. पोरीचं मनगट भाजलं होतं, पण तिला भान कुठं होतं! ती त्याच्यावर थंड पाणी ओतत होती आणि ओरडत होती. खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हर धावत आला आणि दोघांना दवाखान्यात घेऊन गेला. मी तिथंच पडून राहिलो. जिला जपायला आलो होतो, तिचा मी जीवच घेणार होतो, हे मनातून जाईना.

लांबू वाचला. पाठीवर मोठा डाग राहिला आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. गोदामातलं काम गेलं. छताच्या भरपाईत घरमालकानं अनामत रक्कम ठेवून घेतली. बारक्याला बातमी कळली तशी तो आला. भुवईवर व्रण होता. लांबूच्या खाटेशी उभा राहून म्हणाला, "हीटर मीच लावत होतो." लांबू म्हणाला, "गप रे. पाणी पाज." त्या दिवसापासून बारक्या परत आमच्यातच राहायला लागला.

पुढच्या रविवारी आईचा फोन आला. फोनच्या पडद्यावर तिला आधी पोरीच्या मनगटावरची पट्टी दिसली. मग आईनं नेहमीचाच प्रश्न विचारला, पण हळू आवाजात. "पुरतात ना गं पैसे?"

"नाही गं आई. पुरत नाहीत. पहिल्या दिवसापासून पुरत नाहीत." मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

"मग उलट उरतात म्हणायचीस ते?"

"तू रडशील म्हणून."

"आणि आता काय हसतेय का मी?" आईनं डोळे पुसले. "तो मुलगा कसा आहे? त्याला फोन दे आधी."

मागून बाबा आले. हातात तोच पत्र्याचा डबा. "उद्याच पाठवतो हा."

"आता कशाला, बाबा? कुकर तर फुटला."

"नव्याला लागेल," बाबा म्हणाले.

मला त्यांनी भंगारात टाकलं नाही. तक्त्यात भाड्याच्याही वर आता एक नवी ओळ आहे, दुरुस्ती. त्या ओळीचे पैसे तिघंही माझ्यात टाकतात. लांबू वाकड्या बोटांनी टाकतो, तेव्हा एखादं नाणं निसटून खाली पडतं आणि बारक्या ते उचलून देतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल, लांब जाल. काटकसर जरूर करा. कोबी परत ठेवा, बस सोडून चाला, कुणाची हरकत नाही. पण जी वस्तू तुमचा जीव राखते, तिच्यावर पैसे वाचवू नका. आणि घरून विचारलं, पुरतं का, तर खरं सांगा. माझ्या शिट्टीनं कित्येकांची झोपमोड झाली असेल, पण तिनं कधी कुणाला भाजलं नाही. ज्या दिवशी मी गप्प बसलो, त्याच दिवशी भाजलं.