रजच्या दुसऱ्या दिवशी खणलेला चर

लग्न न जमलेल्या कुंतलेला बापाने मरता मरता घरामागचा केवड्याच्या कुंपणातला जमिनीचा तुकडा दिला, तोही तोंडी. धाकटा भाऊ घनश्याम तिथे पक्कं घर बांधायला टपलेला. त्यामुळे ती त्या तुकड्यावर नागासारखी बसून असे, जेवायचं ताटसुद्धा तिकडेच नेई. गावाने हसायचं तेवढं हसून घेतलं.

पण रजचा सण आला आणि ती निर्धास्त झाली. हे तीन दिवस धरतीची मासिक पाळी मानतात. नांगर कोपऱ्यात, कुदळ बंद. जमिनीत कुणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. चोरही हा नेम पाळतील, हा तर पाठचा भाऊ, असं तिला वाटलं. भोळ्या माणसाला असंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी आईनेच तिला उठवलं. "अगं, वर्षभर राखणच करत मरणार का? पायांना अळता लाव, विडा खा, झोपाळ्यावर बस. या दिवसांत बाईने फक्त मिरवायचं."

तळ्यापलीकडच्या आमराईत पोरींनी तिला ओढून झोपाळ्यावर बसवलं. "आत्या, घट्ट धर हं! फांदी मोडली तर आंबे तुझ्याकडून वसूल!"

कुंतला कितीतरी वर्षांनी खळखळून हसली. झोका चढत गेला आणि उंचावरून तिला आपलं कुंपण दिसलं. कुंपणात चार माणसं होती. कुदळी वर-खाली होत होत्या.

ती तशीच अनवाणी धावली. पोहोचली तेव्हा गुडघाभर चर खणून झाला होता.

"ताई, मजूर बाहेरगावचे आहेत, ते रज मानत नाहीत," घनश्याम म्हणाला. "मी कुठे कुदळीला हात लावलाय?" वर दात काढून हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचा गळा धरायला ती पुढे झाली आणि थबकली. मजुरांना गुळाचं सरबत कोण देतंय, ते तिला दिसलं.

"आई! तू?"

"दिवस मीच सांगितला त्याला," आई पेला भरत म्हणाली. "नातवंडांना छप्पर नको? तुझं काय, एकटा जीव."

कुंतलेला रडूही येईना. "धरती पाळीत असताना तिला खणू नये, हे मला तूच शिकवलंस ना गं?"

"म्हणून तर," आई म्हणाली, "आज तू राखण सोडशील, हे मला ठाऊक होतं."