सासूबाईंच्या कोंबड्या आणि आबांचा पालक

वयामुळे ट्रक चालवणं सुटलं, पाठोपाठ बायको गेली आणि आबा घुमे झाले. परसात तिच्या कोंबड्या तेवढ्या मागे राहिल्या. सून दवाखान्यात नर्स होती. तिनंच सुचवलं, खुराड्याशेजारची जागा नुसती पडून आहे, थोडा भाजीपाला लावून बघा.

त्यात काय मोठंसं, असं आबांना वाटलं. त्यांनी जमीन खणली, दगड वेचले, पालक पेरला, टोमॅटोची रोपं लावली आणि खुराड्यातलं ताजं कोंबडखत सढळ हातानं रोपांच्या मुळांशी ओतलं. थोड्याच दिवसांत रोपं पिवळी पडली आणि त्यांनी माना टाकल्या. रोपं विकणारी बाई म्हणाली की हे खत पालापाचोळ्यात मुरू द्यावं लागतं, ताजं घातलं की मुळं जळतात. आबांनी निमूटपणे नवी रोपं आणली.

पालकानं मात्र चांगला जोर धरला होता. पण एका दुपारी खुराड्याची कडी लावायची राहिली आणि आबांचा डोळा लागला. उठून बघतात तर पालकाचा फडशा पडलेला, आणि कबरी कोंबडी टोमॅटोच्या आळ्यात खुशाल लोळतेय.

संध्याकाळी सून घरात येते न येते तोच त्यांनी सांगून टाकलं, या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकू.

ती तशीच पायरीवर बसली. "द्या, आबा. आईंच्या आहेत म्हणून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण सकाळी खुराडं उघडताना त्यांच्याशी बोलता, तो तुमचा आवाज येतो. दिवसभरात तुम्ही तेवढंच बोलता."

आबांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "आत ऐकू जातं?"

"स्वयंपाकघराची खिडकी तिथंच तर आहे."

"मग कधी म्हणाली नाहीस ते?"

"म्हणाले असते, तर तुम्ही बोलायचं थांबला असतात."

सुनेच्या सुट्टीच्या दिवशी आबांनी जाळी आणली. सुनेनं खुंट धरले, त्यांनी ठोकले आणि वाफ्यांना चहूकडून कुंपण घातलं. कोंबड्या बाहेरून चोची मारून बघत राहिल्या.

पालक पुन्हा वर आला. पहिली जुडी निवडायला दोघं स्वयंपाकघरात बसली, तेव्हा आबा आपणहून म्हणाले, "पहिल्या कोंबड्या तिनं माझ्या ट्रकमधून आणल्या, ठाऊक आहे? मांडीवर टोपली, आणि वाटभर शिंका."

सुनेची दवाखान्यात निघायची वेळ झाली होती. तिनं आणखी थोडी पानं पुढ्यात ओढली आणि विचारलं, "मग?"